आधी भिंत, मग बैल

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका मुलीचा आहे. जी. डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची पदविका, होऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ती मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याची आदिमानवाची चित्रं बघून आली आणि झपाटल्यासारखे बारा कॅनव्हास केले. वाळू आणि डिंकाचा खरबरीत थर, त्यावर गेरू आणि पांढऱ्यात शिकारी, हरणं, नाचणाऱ्या माणसांच्या रांगा. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "छान आहे, पण हे हॉटेलच्या भिंतीवर शोभेल." तिचं विचारणं असं: गुहाचित्रांवरून आजचं चित्र करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि कोल्हापूरच्या आसपास गुहाचित्रं नाहीत, तर इथे राहून हा विषय करण्यात काही अर्थ आहे का?

मी तीसेक वर्षं मातीच्या रंगांत काम करतोय. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे फोटो मी दोन-तीनदा बघितले. हात चांगला आहे. रेषा न घाबरता ओढलेली आहे, हरणाची मान वळते तिथे तर फारच छान वळली आहे. अडचण आकृतीत नाही. बाराही कॅनव्हासवर वाळूचा थर या कडेपासून त्या कडेपर्यंत अगदी एकसारखा आहे आणि आकृत्या त्याच्यावर नेऊन ठेवल्या आहेत. ते हरीण चार इंच डावीकडे सरकवलं तरी काही बिघडणार नाही. थर काढून टाकला तरी हरीण तसंच राहील. गुहेतल्या चित्राचं असं होऊ शकत नाही. तिथून दगड काढला की चित्र संपलं.

स्पेनमधल्या अल्तामिराची गोष्ट तुम्ही शिकला असाल. १८७९ साली सौतुओला नावाचे गृहस्थ गुहेची जमीन उकरून जुनी हत्यारं शोधत होते. बरोबर आलेल्या त्यांच्या लहान मुलीने, मारियाने, मान वर केली तेव्हा छतावर बायसन दिसले. इतक्या जुन्या माणसाला हे जमलं असेल, हे विद्वानांना पटायला १९०२ साल उजाडलं. परीक्षेत एवढंच लिहायचं असतं. चित्रकाराने मात्र त्या छताकडे बघावं. त्याला नैसर्गिक फुगवटे आहेत आणि बायसनचं पोट, खांदा, पाय दुमडून बसलेल्या जनावराची पाठ त्या फुगवट्यांवर बरोबर येते. कुणीतरी त्या बुटक्या छताखाली दिवा इकडे तिकडे हलवत बराच वेळ काढला असणार. जनावर तिथे होतंच, ते दिसलं, आणि मग रंग लावून पक्कं केलं.

फ्रान्समधली शोव्हे गुहा १९९४ च्या डिसेंबरात सापडली. तिथली चित्रं सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. तिथे काही ठिकाणी चित्र काढण्याआधी भिंत खरवडलेली आहे. वरचा मळकट थर काढला, आतला पांढरा चुनखडीचा भाग उघडा केला, मग कोळशाने घोड्यांची आणि सिंहांची डोकी काढली, कोळसा बोटांनी चोळून छटा दिली आणि शेवटी काही कडा कोरून पुन्हा पांढऱ्या केल्या. म्हणजे पांढरा रंग त्यांनी लावलाच नाही, भिंतीतून काढला. चारकोल करताना आपण रबराने उजेड काढतो, तेच काम. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी माझं सगळं पांढरं एका डब्यात भरून माळ्यावर टाकलं आणि दोन वर्षं त्याला हात लावला नाही.

तेव्हा पहिलं उत्तर हे, की आकृती घेऊन भिंत शोधायला जाऊ नका. आधी भिंत शोधा, तिच्याशी ओळख करा, आकृती तिथून येऊ द्या. बोलायला सोपं आहे, म्हणून कसं करायचं तेही सांगतो.

बांधकामाचं सामान विकतात तिथे जाऊन जांभ्याचा एक तुटका चिरा घ्या. नीट तासलेला नको. कोपरा उडालेला, एक बाजू ओबडधोबड राहिलेली असा. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, चिरा जमिनीवर उभा ठेवा आणि एक पणती लावा. तेल कुठलंही चालेल, मी करडईचं वापरतो, धूर बेताचा होतो. पणती आधी समोर ठेवा, मग डावीकडे, मग अगदी खाली, चिऱ्याला टेकून. हातात ब्रश, कोळसा काहीही घेऊ नका. तीन रात्री फक्त बघा.

माझ्याकडे पहिल्या रात्री काहीच झालं नाही. जांभ्याची भोकं दिसली, त्यातली काळी-तांबडी कड दिसली, बस्स. दुसऱ्या रात्री पणती डावीकडे खाली होती आणि दारातून वारा आला. ज्योत आडवी झाली तशी चिऱ्याच्या वरच्या अंगाला एक उंचवटा होता त्याची सावली मागे सरकली, पुन्हा पुढे आली. ते बैलाचं वशिंड होतं. खिल्लारी बैल चालताना वशिंड ज्या लयीत हलतं त्याच लयीत ते हलत होतं. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. तिसऱ्या रात्री त्या उंचवट्याच्या खाली हुरमुंजाची, म्हणजे लाल मातीच्या रंगाची, एक रेघ ओढली, मानेपासून पाठीपर्यंत, एवढीच. तो चिरा अजून माझ्याकडे आहे. ट्यूबलाइटमध्ये बघणाऱ्याला तिथे एक लाल ओरखडा दिसतो आणि पणती लावली की बैल येतो.

फ्रान्समधल्याच लास्को गुहेत लाल वालुकाश्माचा घडवलेला दिवा सापडला आहे. असे दिवे जनावराच्या चरबीवर जळायचे. वात बहुधा झाडाच्या काटक्यांची. म्हणजे त्या चित्रकारांना आपल्यासारखं सगळं चित्र एकदम कधी दिसलंच नसणार. उजेडाचं एक छोटं वर्तुळ, त्यात घोड्याचं तोंड, दिवा पुढे नेला की पोट, तोवर तोंड अंधारात गेलेलं. आपण ही चित्रं पुस्तकात बघतो ती फ्लॅशच्या सपाट उजेडात काढलेली असतात आणि आपण त्या फोटोवरून शिकतो. तुमच्या कॅनव्हासवर उजेडाचा विचार अजिबात दिसला नाही त्याचं कारण मला हेच वाटतं.

आता भीमबेटका. तुम्ही तिथे जाऊन आलात म्हणून मुद्दाम बोलतो. भीमबेटका अंधारी गुहा नाही. ते दगडी आडोसे आहेत. तिथे ऊन येतं, वारा येतो, माणसं तिथे राहिली, स्वयंपाक केला, मुलं वाढवली. विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ते जगासमोर आणलं. गाडीतून जाताना लांबून डोंगर दिसले आणि ते उतरून चालत गेले, असं सांगतात. हे आपल्यातले, मराठी घरातले आणि स्वतः चित्रकार. आयुष्यभर शैलचित्रांच्या नकला करत फिरले. ते गेले १९८८ मध्ये आणि भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत आलं २००३ मध्ये, म्हणजे त्यांना ते बघायला मिळालं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तिथल्या ज्या कातळाला झू रॉक म्हणतात तो तुम्हाला आठवत असेल. एकावर एक जनावरं. पांढऱ्यावर लाल, लालवर पांढरं, हत्तीच्या पोटातून हरीण जातंय. यातली चित्रं एका काळातली नाहीत. कुणीतरी काढलं, ते गेले, त्यांचे नातू-पणतूही गेले, मग दुसऱ्या कुणीतरी येऊन त्याच भिंतीवर, आधीचं न पुसता, आपलं काढलं. एवढा डोंगर मोकळा असताना तीच भिंत पुन्हा पुन्हा का घेतली असेल? मला हा प्रश्न सगळ्या आकृत्यांपेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे देवळाच्या खांबाला माणसं त्याच एका जागी हात लावून लावून खड्डा पाडतात, तसं काहीसं असावं.

तुमचे कॅनव्हास मात्र एका दिवसाचे, एका हाताचे आहेत. यावर मी केलेला उपाय सांगतो. कामाच्या जागेच्या बोळात एक मोठा लाकडी फळा मातीचा लेप देऊन टांगला आणि चार वर्षं तिथेच ठेवला. मी काढलं, शेजारच्या पोरांनी काढलं, आईने गौरीच्या सणाला पावलं काढली, गवंड्याने येऊन माप लिहिलं. पुसायचं नाही एवढा एकच नियम. आधी मला त्यातलं माझंच चित्र चांगलं वाटायचं. तिसऱ्या वर्षी माझं कुठलं ते शोधावं लागलं, आणि फळा खरा बोलायला लागला तो त्यानंतर.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमच्या पाचव्या आणि नवव्या कॅनव्हासवरची माणसं, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेली, ती भीमबेटक्याची नाहीत. ती वारली आहेत. ही सरमिसळ फार जण करतात. वारली चित्र म्हणजे प्रागैतिहासिक काही नव्हे, आजची जिवंत माणसं ते काढतात. लग्नघरात बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते रोजचं काम केलं, कागदावर आणि कापडावर आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या आकृत्या उचलून 'आदिमानव' या नावाखाली टांगणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरातली वस्तू पुरातन सापडली म्हणून सांगण्यासारखं आहे. ते दोन कॅनव्हास प्रदर्शनात ठेवू नका.

म्हसे यांच्याबरोबर इंग्लंडचे शिल्पकार रिचर्ड लाँग यांनी काम केलं आणि २००३ मध्ये जर्मनीत दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग नदीचा गाळ हाताने थेट गॅलरीच्या भिंतीवर लावतात. आकृती कुठलीच नाही, फक्त हाताचे फटकारे आणि खाली ओघळलेला गाळ. त्यात गुहेतलं एकही जनावर नाही, तरी गुहेतल्या हाताच्या हे काम जितकं जवळ आहे तितकी कुठलीही नक्कल नसते. शेजारी म्हसे यांच्या बारीक पांढऱ्या रेघा. दोघांनी एकमेकांसारखं काढायचा प्रयत्न केला नाही.

असे आणखी काही लोक बघा. स्पेनचे चित्रकार मिरो यांना पॅरिसला युनेस्कोच्या इमारतीसाठी दोन भिंती करायच्या होत्या. त्याआधी १९५७ मध्ये ते आपल्या कुंभार मित्राला, आर्तिगासला, घेऊन अल्तामिराला गेले. तिथून जवळच्या गावात ओलीने खाल्लेली चर्चची जुनी भिंत त्यांनी बघितली आणि तीही त्यांच्या मनात राहिली. १९५८ मध्ये भिंती पूर्ण झाल्या, सूर्याची आणि चंद्राची. त्यात बायसन नाही. भाजलेल्या मातीच्या फरशांवर मोठी लाल, काळी, निळी रूपं आहेत आणि मागचा पृष्ठभाग स्वतः श्वास घेतो.

क्युबाची कलाकार आना मेंदिएता १९८१ मध्ये हवानाजवळच्या हारुको इथल्या गुहांमध्ये गेली आणि तिथल्या मऊ चुनखडीत बाईच्या देहाची रूपं कोरली. त्यांना तिथल्या जुन्या ताइनो लोकांच्या देवींची नावं दिली. लहानपणी तिला तो देश सोडावा लागला होता. परत येऊन तिने आपल्या मातीला हात लावला तो असा. आता आपण त्यांचे फोटोच बघतो. मला या विषयातलं सगळ्यात मनाला लागलेलं काम हेच, कारण यात प्रेरणा बाहेरून घेतलेली नाही, तिची गरज होती.

अमेरिकन चित्रकार एलेन द कूनिंग १९८३ मध्ये लास्को बघून आल्या आणि पुढची वर्षं गुहांच्या भिंतींची मालिका करत राहिल्या. ती चित्रं चांगली आहेत, काही ठिकाणी जनावर जरा जास्तच ओळखू येतं असं मला वाटतं. आपल्याकडे चित्रकार जे. स्वामिनाथन. भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र १९८२ मध्ये उघडलं, तिथलं रूपंकर हे कलासंग्रहालय त्यांनी उभं केलं, आदिवासी कलाकारांची कामं शहरी चित्रकारांच्या बरोबरीने लावली. त्यांची शेवटच्या काळातली चित्रं मातीच्या रंगांची आहेत. त्रिकोण, खुणा, बोटांनी ओढलेल्या रेघा. भीमबेटका तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवर, पण त्यांनी तिथलं हरीण आणलं नाही. ती चित्रं छापील बघू नका. भोपाळला गेलात तर समोर उभं राहून बघा, रंग कुठे पातळ आहे आणि कुठे बोट अडलंय ते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोल्हापूरचा. आपल्याकडे पोहाळ्याची लेणी आहेत, पन्हाळा आणि मसाई पठारावर खोदीव गुहा आहेत, पण त्यांत प्रागैतिहासिक चित्रं नाहीत. खरं आहे. पण तुम्ही चित्रं शोधताय म्हणून तसं वाटतं. भिंत शोधा.

माझं आजोळ कागल तालुक्यात. तिथल्या गुऱ्हाळघराची भिंत मी लहानपणापासून बघत आलो, आणि ती भिंत आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. चुलवाणाच्या बाजूची ती भिंत वर्षानुवर्षं धुराने काळी झालेली, त्यावर गुळाच्या वाफेचा चिकटा, त्यामुळे काजळी नुसती बसलेली नव्हती, तुळतुळीत कातड्यासारखी झाली होती. चुलव्या रात्रभर चिपाडं आत ढकलायचा. जाळ भडकला की भिंत तांबडी व्हायची, बसला की काळी. आणि त्या काजळीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या. प्रत्येक आधणाला, म्हणजे काहिलीभर उकळलेल्या रसाला, एक. चार उभ्या, एक आडवी. त्यांच्या मधूनच कुणीतरी काढलेली बैलगाडी, एक मोर, कुणाचं तरी नाव, आणि खाली गुळाने माखलेल्या हाताचा एक ठसा, ज्यावर पुन्हा काजळी बसून तो उठून दिसत होता. काजळी खरवडून उजेड काढलेला, जाळाच्या हलत्या प्रकाशात बघायचा, अनेक हंगामांचा, अनेक हातांचा. शोव्हे, लास्को आणि भीमबेटक्याबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं तिथे होतं. ते गुऱ्हाळ आता बंद आहे आणि भिंत पडली. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही, कारण ती बघण्यासारखी वस्तू आहे असं आमच्यात कुणाला वाटलंच नव्हतं. करवीर, पन्हाळा, कागल भागात अजून गुऱ्हाळं चालू आहेत. हंगाम असेपर्यंत जा. गुळव्याला विचारून बसा, काहिलीपासून लांब.

बेंदराला, बैलांच्या सणाला, त्यांच्या शिंगांना हुरमुंज लावतात, तो लोहयुक्त लाल रंग. आपल्या भागात गेरू आणि हुरमुंज अजून वाण्याकडे मिळतं. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले, त्यांत लाल माती, कोळसा आणि हाडाचा चुरा कालवलेला होता. त्याच लाल मातीच्या कुळातलं आपलं हुरमुंज आणि आपला गेरू. बेंदराच्या सकाळी शिंग धरून बोटाने रंग लावणाऱ्या शेतकऱ्याचा हात नीट बघा. शिंगाच्या वळणाबरोबर बोट कसं फिरतं ते बघा. तुमच्या रेषेला त्याची गरज आहे.

आणि कोकण किती लांब आहे? अणुस्कुरा घाट उतरून राजापूर तालुक्यात गेलात की सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती बघताना एक गोष्ट एकदम जाणवते. ती उभी नाहीत, आडवी आहेत. तुम्ही चित्राच्या समोर उभे राहात नाही, चित्राच्या कडेने चालता. हत्ती एका नजरेत मावत नाही. दुपारी डोक्यावर ऊन असताना रेघा जवळजवळ नाहीशा होतात आणि सकाळी किंवा संध्याकाळी साडेपाचच्या तिरप्या उन्हात सगळं एकदम वर येतं. म्हणून तिथे सकाळी पोहोचा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. कॅनव्हास जमिनीवर टाकून भोवती चालत काम करून बघायला मी तिथूनच शिकलो.

तिथे एक कळकळीची विनंती. रेघा फोटोत नीट दिसाव्यात म्हणून लोक खडूने गिरवतात, पाणी ओततात, चपला घालून मधून चालतात. यातलं काहीही करू नका आणि कुणी करताना दिसला तर शांतपणे थांबवा. लास्को १९४० मध्ये सापडली आणि बघणाऱ्यांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरलं म्हणून १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसं तिथे आता प्रतिकृती बघतात. सड्यावरच्या कातळाला तर दार लावायचीही सोय नाही.

साहित्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोवरून वाटलं की रंग तयार ट्यूबचे आहेत. गेरू स्वतः करा. खडा खलात कुटा, पाट्यावर पाणी घालून वाटा, मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात ढवळा, जरा थांबा. जड कण खाली बसले की वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात निथरून घ्या. ते रात्रभर ठेवा, वरचं स्वच्छ पाणी ओता, तळाची साय सुकवा. दोनदा निथरलं की लोण्यासारखा रंग मिळतो. तळाला राहिलेली भरड टाकू नका, खडबडीत जागी तीच लागते. पिवडी, म्हणजे पिवळी माती, तव्यावर भाजून बघा. पाच-दहा मिनिटांत पिवळ्याची नारिंगी आणि मग लाल होते, मातीतलं पाणी उडून जातं म्हणून. एकाच खड्यातून चार छटा निघतात आणि त्या एकमेकींशी भांडत नाहीत. कोळशासाठी तुराट्या झाकणाच्या डब्यात भरा, झाकणाला खिळ्याचं भोक पाडा, डबा चुलीत ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. बांधणीला बाभळीचा डिंक चांगला, अंड्याचा बलक त्याहून टिकाऊ.

मातीच्या लेपाबाबत मात्र माझा अनुभव ऐका. एकदा मी ऐन पावसाळ्यात प्लायवर शेतातल्या काळ्या मातीचा जाड थर देऊन आठ मोठी चित्रं केली. इथे ती उत्तम दिसत होती. हिवाळ्यात मुंबईला एका गॅलरीत लागली आणि वातानुकूलित हवेत चार दिवसांत भेगाळली. दोन चित्रांचे तर खवले खाली पडले. एक विकलं गेलेलं होतं, त्याचे पैसे मी परत केले. चूक सर्वस्वी माझी. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की तेवढीच आक्रसते, हे शेतकऱ्याच्या नातवाला कळायला हवं होतं. त्यात प्लाय वाकतो. आता मी जांभ्याची लाल माती, बारीक वाळू, थोडं शेण आणि गव्हाचा भुसा घेतो, थर नखाएवढा पातळ, एक पूर्ण सुकल्यावरच दुसरा. आणि कुठलंही नवीन मिश्रण वर्षभर, तिन्ही ऋतू बघितल्याशिवाय विकायच्या चित्रात वापरत नाही.

हाताच्या ठशांबद्दल शेवटचं. तुमच्या तीन कॅनव्हासवर कोपऱ्यात लाल पंजे आहेत, सहीसारखे. गुहांतले बरेच हात ठसे नाहीत. हात दगडावर ठेवून भोवती रंग फुंकलेला आहे, म्हणजे हात उचलल्यावर जिथे हात होता तिथे फक्त दगड उरतो. फ्रेंच अभ्यासक लोरब्लांशे यांनी फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेतल्या ठिपक्यांच्या घोड्यांचं चित्र तोंडाने रंग फुंकत पुन्हा करून बघितलं. सुमारे ३२ तास लागले. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डीन स्नो यांनी फ्रान्स-स्पेनमधल्या ३२ हातांची मापं तपासली, त्यांतले २४ बायकांचे निघाले. आपण मनात नेहमी दाढीवाला पुरुष चित्रकार धरून चालतो. तुमच्या पुढच्या कामात ही गोष्ट कुठेतरी येऊ शकते, पंजा काढून किंवा न काढूनही. फक्त बाजारातला गेरू तोंडात घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. फिक्सेटिव्ह फवारायची फुंकणी वापरा. हात भिंतीवर ठेवा, घाई करू नका. दगडाचा गारवा तळव्यातून मनगटापर्यंत आला की मग फुंका.

राहिले बारा कॅनव्हास. वारलीचे दोन बाजूला ठेवा. बाकीचे दहा फेकू नका, विकूही नका. गवंड्याची करणी किंवा जुना चाकू घ्या, पणती लावा आणि त्यातला एक खरवडायला सुरुवात करा. वाळूचा थर सगळीकडे सारखा निघणार नाही. कुठे डिंक घट्ट धरून राहील, कुठे पापुद्रा एकदम सुटेल, कुठे खालचं कापड उघडं पडेल. हरणाची मान तुम्ही फार छान काढली आहे, तिथे हात थांबेल, तरीही पुढे जा. थर जिथे स्वतःहून अडतो तिथे चाकू ठेवा आणि दिवा थोडा खाली घ्या.